आधी तिथी, मग वाट: मे अखेरीस साष्टीच्या किनाऱ्यावर दोन दिवस

मे महिन्याचा तिसरा-चौथा आठवडा आला की वेसाव्यापासून (म्हणजे वर्सोव्यापासून) उत्तनपर्यंतच्या कोळीवाड्यांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या आवराआवरीची, लगबग सुरू होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्याआधी होड्या वर ओढायच्या, जाळी धुऊन-सुकवून माळ्यावर टाकायची, सुकी मासळी डब्यात भरायची. समुद्राचा रंगही याच दिवसांत पालटतो. सकाळी पाणी शांत असतं, दुपारनंतर वारा सुटतो आणि लाटांना फेस येतो. मुंबईकराला बेटाचा किनारा पायी पाहायचा असेल, तर पावसाआधीचे हे शेवटचे दोन-तीन शनिवार-रविवार मला वर्षातले सगळ्यात आवडते वाटतात. उकाडा असतो, हे खरं. पण पहाट आणि संध्याकाळ धरून चाललात तर तो सोसतो.

इथे सांगतो ती वाट साष्टीच्या, म्हणजे मुंबईची उपनगरं वसलेल्या बेटाच्या, पश्चिम कडेची आहे: वेसावे, मढ, एरंगळ, अक्सा, मार्वे, मग खाडी ओलांडून मनोरी, गोराई, उत्तन आणि शेवटी चौक गावचा धारावी किल्ला. मनोरी-गोराई-उत्तनचा पट्टा म्हणजे जुनं धारावी बेट. झोपडपट्टीच्या धारावीशी त्याचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं. दोन वेळा तरीत (खाडी ओलांडणाऱ्या होडीत) बसायचं, एक मुक्काम करायचा आणि दोन दिवसांत मिळून बारा-पंधरा किलोमीटर चालायचं. गाडी न्यायची नाही.

तिथीवरून वार ठरवा

बहुतेक लोक सुट्टी बघतात, हॉटेल बघतात आणि किनाऱ्यावर पोचल्यावर विचारतात, "भरती कधी आहे?" हा क्रम उलटा करा. हा किनारा दिवसातून दोनदा उघडतो आणि दोनदा बुडतो. तुम्ही पोचलात तेव्हा तो बुडालेला असेल तर पाहायला फक्त भिंत आणि लाटा उरतात.

जुन्या लोकांचा हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत मोजणी एकापासूनच. भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे कोळ्यांची सुकती. हा हिशेब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला लागू पडतो आणि अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून पंचांगावरून शनिवार निवडा आणि नेमकी वेळ मुंबईच्या, म्हणजे अपोलो बंदरच्या, भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करा.

आता निवड कशी करायची? आपल्याला सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान सुकती हवी. मग शनिवारी द्वितीया किंवा तृतीया असलेली बरी. तृतीयेला सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमारास सुकती. याला आणखी एक कारण आहे. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात. भरती उंच चढते तसं ओहोटीचं पाणीही लांबवर मागे जातं. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही, शिवाय सुकती ऐन दुपारी बारा वाजता. तो शनिवार या वाटेसाठी सोडून द्या.

तक्त्यात वेळेसोबत मीटरचा आकडाही असतो, तो जरूर वाचा. दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या नसतात. आकडा जितका लहान, तितका जास्त कातळ उघडा पडतो.

आणि एक हिशेब पाठ करून ठेवा. सुकतीपासून भरतीपर्यंतचे सहा तास पाणी एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा भागांचा धरला तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढ ३.६ मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाणी फक्त ३० सेंटीमीटर वाढतं, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात दर तासाला ९० सेंटीमीटर. पहिल्या तासात "अजून काही होत नाही" असं वाटतं आणि माणूस तिथेच फसतो.

मी फसलो होतो. काही वर्षांपूर्वी बारा वर्षांच्या भाच्याला घेऊन एरंगळच्या कातळावर उतरलो. खेकडे बघण्यात दोघं इतके रमलो की सुकती होऊन दोन तास उलटले तरी मान वर केली नाही. आमच्या पुढ्यात समुद्र होता तसाच होता, पण पाठीमागे, आम्ही आणि वाळू यांच्या मधल्या सखल भागात, पाणी गुपचूप भरलं होतं. कालवं काढून परत निघालेल्या एका मावशींनी हाक मारली, "ए पोरा, पानी फिरलं, वर या दोघं!" येताना जिथे बुटाचा तळ भिजला होता, तिथून जाताना भाच्याच्या छातीला पाणी लागलं. मावशींनी त्याचा एक हात धरला, मी दुसरा. त्या दिवसापासून माझा नियम ठरला आहे: सुकतीच्या दीड तास आधी कातळावर उतरायचं आणि सुकतीच्या वेळेनंतर अर्ध्या तासात वर यायचं. घड्याळात गजर लावायचा. पाणी समोरून येईल असं धरून चालायचं नाही, ते आधी मागून येतं.

आभाळाकडेही बघा

मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून आहे, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच येऊन पोचला. चक्रीवादळांचा काळही हाच: तौक्ते १७ मे २०२१ ला मुंबईजवळून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं. त्यामुळे गुरुवारपासून हवामान खात्याचा अंदाज बघायला लागा. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा असेल तर आपणही जायचं नाही, मग घरावर कितीही लख्ख ऊन पडलेलं असो. वळवाच्या पावसात गडगडाट ऐकू आला की उघडा किनारा, कातळ आणि किल्ला ताबडतोब सोडायचा.

पाठीवर काय घ्यायचं

सगळ्यात महत्त्वाचे बूट. जुने, मागून बंद, जाड तळव्याचे. कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, चपलेतून पाय निसटला की टाच कापलीच. भिजलेले बूट दुपारी काढून ठेवायला सोबत साध्या चपला.

पाणी माणशी तीन लिटर. मेमध्ये मुंबईचा पारा ३३-३४ अंशांच्या वर फारसा जात नाही, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएसची दोन पाकिटं किंवा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घ्या. लघवी गडद पिवळी झाली, डोकं दुखायला लागलं, की सावलीत बसायचं. लांब बाह्यांचा सुती शर्ट, कानावर येणारी टोपी, एक पंचा (ओला करून मानेवर टाकायला, ऊन फार झालं तर डोक्याला गुंडाळायला), शिट्टी, बॅटरी, पट्टी-मलम, मोबाईलसाठी घट्ट बंद होणारी पिशवी, सुटे पैसे. खाण्यात शेंगदाण्याची चटणी लावलेली थालीपिठं उन्हात टिकतात. घरून निघताना स्वच्छतागृहाला जाऊन निघा, मढ ते अक्सा या पट्ट्यात भरवशाची सोय कमी आहे. बायकांनी याचा हिशेब आधीच केलेला बरा.

फोनमध्ये ११२ आणि १०८ असतातच, त्यांच्या शेजारी तटरक्षक दलाचा १५५४ हा शोध-बचाव क्रमांकही नोंदवून ठेवा.

शनिवार: वेसावे ते मनोरी

पहाटे अंधेरीहून वेसाव्याच्या धक्क्यावर या. इथली तर काही मिनिटांत खाडी पार करून मढला सोडते. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, त्या वेळी तुम्ही पाण्यावर असाल असं बघा. वेसावे कोळीवाड्याच्या रंगीत होड्या, मागे उंच इमारती आणि पुढे मढची झाडी, हे सगळं त्या दहा मिनिटांत दिसतं.

मढ धक्क्यावरून वेसावे किल्ला जवळ आहे. तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, आत जाता येत नाही, बाहेरून बघून पुढे चला. मालाड स्टेशनला जाणारी २७१ क्रमांकाची बेस्ट बस याच रस्त्याने जाते. पाय ताजे असतील तर चाला, लहान मुलं असतील तर बसने एरंगळला उतरा. मात्र पावणेसातपर्यंत एरंगळच्या किनाऱ्यावर पोचायला हवं.

किनाऱ्यालगत संत बोनाव्हेंचरचं पोर्तुगीजकालीन चर्च आहे. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी इथे जत्रा भरते, तेव्हा ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातले मूळचे मराठीभाषक ख्रिस्ती) कुटुंबं लांबून येतात आणि किनाऱ्यावरच चुली मांडतात. मेमध्ये मात्र सकाळी इथे शांतता असते.

आता कातळावर उतरा. हळू. हिरवं शेवाळ दिसलं की त्यावर पाय नाही, खरखरीत तपकिरी खडकावर पाय. दोन्ही हात मोकळे. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही, नुसता दगड आणि साचलेलं पाणी वाटतं. एखाद्या ताटाएवढ्या डबक्याशी उकिडवे बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि गप्प राहा. थोड्या वेळाने एक शंख चालायला लागतो. त्यात गोगलगाय नसते, आत भाड्याने राहणारा खेकडा असतो. आधी दोन देठावरचे डोळे बाहेर येतात, मग पाय, मग शंख एका बाजूला ओढत तो निघतो. तुम्ही बोट हलवलंत की झटकन आत, आणि एका नांगीने दार लावून घेतो. दगडाच्या कडेला बटणांसारख्या हिरवट-तपकिरी गाठी दाटीने बसलेल्या असतात. पाण्याखालच्या गाठी फुलासारख्या उघडलेल्या, पाण्यावरच्या मिटलेल्या. तेही प्राणीच, प्रवाळांचे नातलग. नशीब असेल तर समुद्री गोगलगाय किंवा छोटा ऑक्टोपसही दिसतो. मुंबईच्या किनाऱ्यावर हे सगळं आहे. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटाचे लोक २०१७ पासून सुकतीला लोकांना घेऊन किनाऱ्यावर फिरतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्यांच्यासोबत एक फेरी मारली तर डोळे तयार होतात.

दगड उलटवला तर जसा होता तसाच परत ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला अंडी असतात, उन्हात ती तासाभरात वाळून जातात. जिवंत शंख-शिंपला खिशात घालू नका. शंख रिकामा वाटला तरी त्यात कुणाचं तरी घर असतं किंवा पुढे होणार असतं.

सुकतीनंतर अर्ध्या तासाने वर या, वाळूत बसून खाऊन घ्या, मग दानापानीच्या किनाऱ्यावरून अक्साकडे निघा.

अक्साबद्दल स्पष्ट सांगतो. तिथे पाण्यात उतरू नका. पुळण रुंद आहे, उतार हलका वाटतो, पण खालची वाळू सरकते, खड्डे पडतात आणि परतणारं पाणी माणसाला ओढून नेतं. चांगले पोहणारेही तिथे बुडाले आहेत. जीवरक्षक शिट्टी मारतात ती उगाच नाही. कुठल्याही किनाऱ्यावर अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, त्यात दम संपतो. ओढ अरुंद पट्ट्यात असते. किनाऱ्याला समांतर पोहत तिच्यातून बाजूला या आणि मग लाटेबरोबर आत या. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात हलवा. बुडणाऱ्याला वाचवायला स्वतः उडी मारू नका. दोरी, रिकामा कॅन, फळी, जे तरंगेल ते फेका.

अक्सापर्यंत पोचता दहा वाजतात आणि सावली पायाखाली यायला लागते. मेच्या मध्याला मुंबईत दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावलीच पडत नाही. तेव्हा इथून चालणं बंद करा. रिक्षा किंवा बसने मार्वे गाठा. वाटेत नौदलाचा परिसर लागतो, तिथे फोटो काढायचे नाहीत. मार्व्याहून मनोरीची तर धरा, तिच्यात दुचाकीही चढतात. पंधरा मिनिटांत पलीकडे. खाडीच्या कडेला तिवरांची दाट रांग आहे. सुकतीनंतर गाळ उघडा असेल तर त्यावर निवट्या (गाळावर सरपटणारे छोटे मासे) उड्या मारताना दिसतात आणि एक नांगी अंगाएवढी मोठी असलेले चिमुकले खेकडे ती नांगी वरखाली हलवत बसलेले असतात. गाळात उतरू नका, तिवरांची वर आलेली मुळं म्हणजे त्यांची नाकं आहेत, ती पायाखाली मोडतात.

मनोरीत घरगुती राहण्याची सोय मिळते, मात्र मे महिन्यात आठवडाभर आधी फोन करून ठेवा. किनाऱ्यावर तंबू ठोकू नका. उधाणाची रात्रीची भरती किती वर येते ते पुळणीवरच्या सुक्या कचऱ्याची रेघ सांगते, आणि ती रेघ बहुतेकांच्या अंदाजापेक्षा वर असते. अकरा ते चार आराम करा, जेवा, झोपा. रस्त्याकडेला ताडगोळे मिळतात. कोवळे बघून घ्या, बोटाने दाबल्यावर आतलं पाणी हललं पाहिजे.

साडेचारनंतर गोराईच्या दिशेने निघा. दुपारची भरती ओसरत असते, ओली वाळू घट्ट असते आणि चालायला छान वाटतं. पाण्यात मात्र गुडघ्यापर्यंतच, कारण उतरतं पाणी बाहेर ओढतं आणि मेच्या संध्याकाळी वाराही असतो. पाण्यात चालताना पावलं उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. वाळूत दडलेला पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) त्यामुळे आधीच सरकतो. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा, कळ गरम पाण्याने कमी होते. सूर्य सात वाजून गेल्यावर बुडतो. नऊच्या पुढे आग्नेयेला वृश्चिक रास वर येते, शुक्ल पक्षातली तृतीया असेल तर तोवर चंद्रकोर मावळायला आलेली असते.

रविवार: उत्तन आणि चौक

रविवारी सुकती शनिवारपेक्षा पाऊण-एक तासाने उशिरा, म्हणजे घाई कमी. सहाला निघून रिक्षाने उत्तन गाठा. इथे बोंबील सुकवायच्या वलांड्या बघा: बांबूंवर आडव्या दोऱ्या ताणलेल्या आणि दोन-दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवून त्यावर टांगलेले. ओला बोंबील जवळजवळ पाणीच असतो. उन्हात आणि वाऱ्यात तो काडीसारखा होतो. आगोटीआधीचे हे शेवटचे दिवस, त्यामुळे बायका भल्या पहाटेपासून कामाला लागलेल्या असतात. फोटो काढण्याआधी विचारा, वाटेत उभे राहू नका आणि सुकट-बोंबील तिथेच विकत घ्या.

उत्तनच्या आसपासचा खडक जवळून बघा. मुंबई म्हणजे काळा बेसाल्ट अशी आपली समजूत असते, पण मनोरी-गोराई-उत्तनकडे ट्रॅकाइट आणि रायोलाइट हे फिकट रंगाचे ज्वालामुखी खडक आहेत, सहा कोटी वर्षांपेक्षा जुने. तुटलेल्या कडेवर करडा-पिवळसर रंग दिसतो.

तिथून चौकला जा. टेकाडावर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत या जागेसाठी मराठे आणि पोर्तुगीज झगडले. कारण वर उभं राहिलं की समजतं: समोर खाडीचं तोंड आणि पलीकडे वसईचा किल्ला. ही जागा ज्याच्या हातात, त्याला वसईत शिरणारं प्रत्येक गलबत दिसतं. वसई पडली तीही मे महिन्यातच, १७३९ मध्ये. याच दमट उन्हात माणसं तटाला भिडली होती, हे तिथे उभं राहून घाम पुसताना जास्त कळतं. गवत सुकलेलं असतं, दगड सुटे आहेत, तटाच्या कडेला मुलांचा हात धरा.

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील आणि एवढं चालणं नको असेल, तर एका दिवसाची घारापुरी बरी. गेटवेहून तासाभराची लाँच, सकाळची पहिली धरायची. लेणी सोमवारी बंद असतात, शनिवार-रविवारी उघडी. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच मात्र मेच्या अखेरीला पावसाळ्यासाठी थांबतात, तेव्हा अलिबागचा बेत असेल तर परतीची लाँच आहे का हे आधी विचारूनच तिकीट काढा.

चौकहून दहा-साडेदहाला खाली उतरा. भाईंदर स्टेशनला जाणारी बस चौकहूनच पकडा, पुढच्या थांब्यांवर ती भरते आणि उभं राहून घाट-वळणं सोसावी लागतात. खिडकी मिळाली तर मिठागरं दिसतात, नाही मिळाली तर झोप काढा. घरी गेल्यावर बूट आधी गोड्या पाण्यात बुडवा, सुक्या बोंबलांची पिशवी फ्रीजबाहेर ठेवा आणि शनिवारी सुकती तक्त्यात किती वाजता होती व डोळ्यांना किती वाजता दिसली, हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या चौकोनात लिहून टाका.